उघडं लोखंड

माझ्या आईचा गंजाशी उभा दावा होता. वडिलांची मासेमारीची होडी होती तेव्हा पावसाळ्याआधी होडीचं सगळं लोखंड तेलानं माखायचं काम आईचं असे. तेल मुशी माशाचं, आणि त्यात उकळून विरघळवलेली राळ. ते वाळलं की लोखंडावर काचेसारखी पातळ साय धरते आणि तिच्यातून खारं पाणी आत शिरत नाही. वडील गेले, होडी विकली, पण आईच्या हातातली तेलाची करवंटी काही सुटली नाही. दाराच्या कड्या, विहिरीवरचा रहाट, कंदिलाची मूठ, जे लोखंड हाताला लागेल त्याला ती तेल लावी. एकदा तिनं भाजी चिरायच्या आडाळ्याच्या पात्यालाही लावलं आणि आठ दिवस आमच्या लाल भाजीला मुशीचा वास येत होता. मी ताट सरकवलं तेव्हा म्हणाली, "वास येता म्हणजे लोखंड जिता आसा."

ही गोष्ट गोवा पोर्तुगिजांकडून सुटायच्या थोडी आधीची. मालवणपासून दोन-तीन कोसांवर खाडीकाठी आमचं गाव, आणि गावात विजेचा खांब कुणी पाहिलेला नव्हता. मी तेव्हा पस्तिशीचा. लढाईच्या वर्षांत लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या तारा जोडायला शिकलो होतो आणि परत आल्यावर मालवणात मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. हात चांगला होता, जीभ वाईट. गिऱ्हाइकानं "हे असं का?" म्हणून विचारलं की मी "तुम्हाला कळायचं नाही" म्हणत असे, आणि खोटं कशाला बोलू, असं म्हणण्यात मला मजा वाटे.

आईला दिसत नव्हतं. मी लढाईवर असताना गावात एक सुईवाला आला होता. तो मोतीबिंदूला सुई टोचून पडदा आत ढकलायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पसार व्हायचा. आईचा उजवा डोळा त्याच्या सुईनं गेला. मी परत आल्यावर डाव्यातही मोतीबिंदू उतरायला लागला आणि वाढत वाढत शेवटी दिवस आहे की रात्र एवढंच तिला समजू लागलं. बोटीनं मुंबईला नेतो म्हटलं, घाटावर नेतो म्हटलं. तिचं उत्तर ठरलेलं असे.

"एक डोळो परक्या माणसाच्या हातात दिलंय. दुसरो खंय नेवचो नाय. काय होवचा ता हंयच होवंदे."

मग घाटावरून एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. लष्करानं लिलावात काढलेली जुनी जीप चालवत त्या एकट्या घाट उतरत आणि गावोगावच्या शाळांमध्ये डोळ्यांची ऑपरेशनं करत. त्यांचं शिबिर आमच्या गावात ठरलं, आणि आमची शाळा आमच्या परसाला लागून. आई म्हणाली, "शाळेत? मगे मी चलत येतंय."

त्या वैशाखात ती सकाळपासून उपाशीपोटी रांगेत बसली. शाळेची खोली कोकणातली, छप्पर पावसाच्या भीतीनं पार खाली ओढलेलं, त्यामुळे आत भरदुपारीही मिणमिण. पेट्रोमॅक्स लावला तर त्याची धग रोग्याच्या तोंडावर येई आणि उजेड थरथरे, म्हणून बाईंनी तो बाहेर काढला. मग शाळेच्या मास्तरांना टॉर्च धरून उभं केलं. मास्तरांनी पहिलं ऑपरेशन डोळे मिटून निभावलं, दुसऱ्याला उघडले आणि टॉर्चसकट आडवे झाले. तेवढ्यात आभाळ भरून आलं. बाईंनी हातमोजे काढले आणि उरलेल्यांना घरी जायला सांगितलं. आईचा नंबर यायला तीनच माणसं उरली होती.

"अंदाजानं डोळा कापता येत नाही," त्या मला म्हणाल्या. पण आईचा डोळा त्यांनी तपासला, आणि मला बाजूला घेतलं. "हा फार पिकलाय. दिवाळीच्या आत काढला तर काढला. पुढच्या वर्षाची वाट हा डोळा बघणार नाही. आत फुटला की मग दिवा काय, सूर्य आणून ठेवलात तरी उपयोग नाही."

आई मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि परसाच्या कुंपणाला हात लावत लावत ती घराकडे चालू लागली. मला राग आला. कुणाचा आला ते नीट ठरेना, म्हणून तो मी समोरच्या जीपवर काढला.

"दिवा मी देतो," मी बाईंना म्हणालो. "विजेचा. ह्याच जीपमधून."

"ह्या जीपच्या दिव्यांनी मला घाटातला रस्ता दिसत नाही," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यातून मला डोळ्यातलं दाखवणार?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. जीप सहा व्होल्टची, डायनॅमो थकलेला, बॅटरी एकच आणि तीही मरायला टेकलेली. बाईंना हवे होते न हलणारे, न थरथरणारे दोन दिवे, आणि तोंडावरच्या कापडाखाली रोगी गुदमरतो, मान हलवतो, म्हणून एक छोटा पंखा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणजे आधी आड खणणं आलं. बाईंनी थोडा विचार केला आणि जीपची किल्ली माझ्या हातात ठेवली. पावसाळ्यात त्यांना ती लागणार नव्हती.

"मी एसटीनं घाट चढते," त्या म्हणाल्या. "दसरा झाला की येईन. जमलं नसेल तर स्पष्ट सांगा. तुमच्या आईला खोटी आशा नको."

"जमलेलं असेल," मी म्हणालो. शेंडी तुटो की पारंबी तुटो, मला आता मागे फिरायचं नव्हतं.

परसात माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव घालून मी जीप आत घेतली. चहाच्या दुकानात माझी यथेच्छ चेष्टा सुरू झाली. "जीपीच्या पोटातसून इज काडतलो म्हणता!" एक जण म्हणे. दुसरा विचारी, "लढायेत गोळी डोक्याक लागली काय रे तुका?" मी चहा अर्धा टाकून उठायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जायचो, कारण गावात दुसरं दुकान नव्हतं.

रेडीच्या खाणीवर मोडून पडलेल्या एका ट्रकचा बारा व्होल्टचा डायनॅमो मला मिळाला. तो गोणत्यात घालून मी एसटीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, गोणत्यात काय. मी म्हणालो, फणस. त्यानं पायानं चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "फणसाक कधीपासून पुली बसवतत?" सगळी गाडी हसली, तरी त्यानं मला उतरवलं नाही. तो डायनॅमो जीपमध्ये बसायला तयार नव्हता. तो धरायला लोहाराकडून तीनदा लोखंडी कोन करून आणला, तीनदा इंजिनावरचा पट्टा तिरका धावला. चौथ्यांदा मी लोहारालाच मांडवात आणून बसवलं आणि पट्टा सरळ धावेपर्यंत सोडलं नाही. बॅटऱ्या दोन घातल्या, एक जीप चालू करायला आणि एक फक्त दिव्यांसाठी, मध्ये एक मोठा खटका. म्हणजे दिव्यांनी आपली बॅटरी रिकामी केली तरी बाई रानात अडकून पडणार नाहीत. जुन्या तारा सगळ्या उपटल्या आणि करंगळीएवढ्या जाड तारा ओढल्या. ट्रकचे दोन दिवे शिवणयंत्रांच्या ओतीव पायांवर उभे केले. ते पाय इतके जड की मास्तर त्यांच्यावर पडले असते तरी दिवा हलला नसता.

आई रोज मांडवात पाटावर येऊन बसे. बाहेर धो धो पाऊस, आत मी गाडीखाली, आणि ती बोटांनी जीप वाचत असे. बोल्ट, बिजागरी, स्प्रिंगच्या पट्ट्या. करवंटी अर्थातच जवळ. खारा वारा लोखंडाला सोडत नाही हे मलाही ठाऊक होतं, म्हणून मी तिला जीपला हवं तिथे तेल लावू दिलं. तेवढाच तिचा वेळ जातो, असं मी मनात म्हणत असे. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गाडीत दिव्याकडे तार एकच जाते. करंटचा परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. म्हणून ज्या ज्या ठिकाणी तार सांगाड्याला बोल्टनं आवळायची, तिथला रंग खरवडून लोखंड चकचकीत उघडं करावं लागतं. लोखंडाला तांबं भिडलं पाहिजे, मध्ये काही नको. मी अशा सात जागा खरवडल्या. आईच्या बोटांना त्यातली एक लागली.

"रे," ती म्हणाली, "हंयचो रंग कित्याक खरवडलंस?"

मी गाडीखाली उताणा होतो, डोळ्यात गंज पडला होता. "तुका कळाचा नाय," मी म्हणालो. "गप रव."

ती पुढचा बोल्ट चाचपू लागली. दुसऱ्या दिवशी मी तारांच्या टोकाला बसवायच्या तांब्याच्या पट्ट्या आणायला मालवणला गेलो. खाडीला पाणी चढलं, पलीकडे नेणारी तरीची होडी बंद झाली आणि मी चार दिवस तिकडेच अडकलो. परतलो तो घाईत, चिडलेला. सातही जागी पट्ट्या ठेवून बोल्ट आवळले, एक छोटा बल्ब लावून पाहिला. लखलखीत पेटला. मी पाठ थोपटून घेतली, स्वतःचीच.

बाई दसऱ्यानंतर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिर, म्हणून आदल्या दुपारी शाळेत चाचणी ठेवली. निम्मं गाव बघायला आलं. गावातल्या एका म्हाताऱ्यानं नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय मला जीपला हात लावू दिला नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेत जी काय इज भरलेली आसा, ती ह्या शाळेत सुखरूप येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी दात खात इंजिन चालू केलं.

बाईंची परीक्षा साधी होती. त्यांनी बारीक सुई आणि रेशमाचा दोरा काढला. पहिला दिवा लावला, बाईंनी दोरा एका झटक्यात ओवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी दुसरा दिवा लावला. उजेड थोडा बसला. पंखा लावला आणि दोन्ही दिवे चुलीतल्या निखाऱ्यासारखे लाल होऊन गेले. बाईंच्या हातातला दोरा सुईच्या बाजूनं जायला लागला, एकदा, दोनदा. त्यांनी हात खाली घेतले. मी इंजिनाचा वेग वाढवला, उजेड आणखी गेला.  आईचा डोळा माझ्यासमोर विझत होता.

तेवढ्यात वास आला.

"कोणाकडे मासे तळतत?" कुणीतरी विचारलं आणि खसखस पिकली. भिंतीशी बसलेली आई मात्र उठून उभी राहिली.

"माजा तेल जळता," ती म्हणाली.

मी जीपखाली शिरलो. पहिलाच बोल्ट हात लावू देईना इतका तापलेला. फडक्यानं धरून सोडवला. तांब्याच्या पट्टीखाली, जिथं उघडं लोखंड हवं, तिथं पिवळसर चकचकीत साय होती, कडेनं करपलेली. खारं पाणी आत जाऊ नये म्हणून वापरतात तीच. पाणी जात नव्हतं, करंटही जात नव्हता. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वाट मिळत होती, म्हणून छोटा बल्ब पेटला होता आणि मोठ्या दिव्यांना धाप लागली होती.

"कोणी केला ह्या?" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाईसुद्धा दचकल्या.

"मी लायलंय," आई म्हणाली. "उघडा लोखंड होता. माका वाटला तू इसारलंस."

ती हे घाबरून बोलली नाही. माझी चूक तिनं झाकली असं तिला वाटलं होतं. आणि ती मला विचारायला आली होती, आधी, त्याच मांडवात.  मला लाज वाटली, गावासमोर नव्हे, तिच्यासमोर. तिला मात्र माझं तोंड दिसत नव्हतं, ती नुसती उत्तराची वाट बघत उभी होती.

"वेळ आहे का?" बाईंनी विचारलं. "सकाळी मला हो किंवा नाही लागेल."

"हो," मी म्हणालो. मग आईजवळ गेलो. "आये, खंय खंय लायलंस ता दाखव."

तिनं दाखवलं. आधी ओच्याला हात पुसले आणि मग जीपला उजवी घालून ती चालू लागली. सातातल्या पाच जागांवर तिचं बोट न चुकता टेकलं. "हंय. हंय. हंय वायच जाड लायलंय, मोटी जागा होती. थंय नाय, थंय माजो हात पोचाक नाय." मी मागून एकेक बोल्ट सोडवत होतो, आधी सुरी, मग किनाऱ्यावरची वाळू आणि गोणपाट, लोखंड आरशासारखं होईपर्यंत. बोटांची सालटी निघाली. उरलेल्या दोन जागाही घासल्या, कारण आता माझा माझ्यावर विश्वास नव्हता. चहाच्या दुकानातले चेष्टेखोर वाळूची डबडी भरभरून आणत होते.

दिवस बुडायच्या आत पुन्हा इंजिन चालू केलं. एक दिवा, दुसरा दिवा, पंखा. उजेड होता तसाच राहिला. बाईंनी सुई ओवली. दोरा काढून पुन्हा ओवली. तिसऱ्यांदा ओवून सुई आपल्या पदराला टोचली आणि म्हणाल्या, "आईंना उद्या सकाळी काही खायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी आईचा नंबर तिसरा होता. मी आत गेलो नाही. जीपमध्ये बसून इंजिनाचा वेग एकसारखा ठेवत होतो आणि करंट दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. काटा हलला असता तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. हलला नाही. खिडकीतून मला फक्त दिव्याचा पांढरा उजेड दिसत होता आणि बाईंचा आवाज ऐकू येत होता, "मान अशीच ठेवा, अशीच, शाब्बास." किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मास्तर बाहेर आले, त्यांना आज कुणी काही धरायला दिलं नव्हतं, आणि म्हणाले, "झाला. मोतीबिंदू निघालो अख्खो." मी इंजिन बंद करायला हात पुढे केला आणि तेच ओरडले, "अरे, अजून माणसा आसत आत!"

आठ दिवस आई डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून उताणी पडून राहिली. मी भरवायला बसलो की म्हणे, "तुजी गाडी एकदाय चुकली नाय. मी ऐकत होतंय." पट्टी सुटल्यावर तिला रंग दिसले, माणसांचे आकार दिसले. नीट दिसण्यासाठी जाड भिंगाचा चष्मा लागणार होता. तो घेऊन बाई दीड महिन्यानं आल्या, त्याच जीपमधून.

बाईंनी चष्मा चढवला. आईनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "बापसासारखो दिसतंस," ती म्हणाली. "वायच जाडो." मग तिनं आजूबाजूला पाहिलं, घर पाहिलं, माड पाहिले, आणि अंगणातल्या जीपकडे बोट केलं.

"माका थंय व्हर."

मी तिला जीपपाशी नेलं. ती वाकली, आधी हातानं चाचपलं आणि मग चष्मा नेऊन पाहिलं. बॅटरीखालचा सांगाड्यावरचा बोल्ट. त्याच्याभोवतीच्या उघड्या लोखंडावर तांबूस कड धरायला लागली होती. तिनं बोट टेकवलं आणि माझ्याकडे वळली.

"आता सांग. त्या दिसा हंयचो रंग कित्याक खरवडलंस?"

मी खाली बसलो. ती समोर बसली. अंगणातल्या मातीत काटकीनं बॅटरी काढली, तार काढली, दिवा काढला, गाडीचं अंग काढलं आणि परतीची वाट दाखवली. बाई चहा घेऊन ओट्यावर थांबल्या होत्या. मी काही गाळलं नाही, घाई केली नाही. आई काटकीच्या टोकाबरोबर चष्मा फिरवत होती.

"म्हणजे येवची वाट मी बंद केलंय," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि बोल्ट आवळल्यार वरसून तेल लायला तर?"

"तर चलता. लावकच होया, नायतर गंजतला."

तिनं घरातून करवंटी आणली, बोट बुडवलं आणि बोल्टच्या डोक्याभोवती सावकाश फिरवलं, उघडं लोखंड कुठंही उरणार नाही असं. मग बोट पुसून माझ्याकडे पाहिलं.

"इतक्याच ना?" ती म्हणाली. "ह्या माका तेवाच कळला असता रे."